परसातल्या कोंबड्या : पहिलं वर्ष कसं काढायचं

नव्याने कोंबड्या पाळायला निघालेली माणसं बहुधा पहिला प्रश्न जातीचा विचारतात. गावरान घ्यावी की गिरिराज, कडकनाथ परवडते का, वगैरे. माझं सांगणं एकच असतं: आधी खुराडं बांधा, पिल्लं त्यानंतर आणा. मी कोकणात कोंबड्या सांभाळते, त्यामुळे पाऊस, चिरा (जांभा दगड) आणि मुंगूस या तीन गोष्टी माझ्या लिहिण्यात वारंवार येतील. देशावरच्या वाचकांनी पावसाच्या जागी उन्हाळा धरावा, बाकी सगळं जवळपास तेच आहे.

किती पाळाव्यात? घरात चार-पाच माणसं असतील तर आठ माद्या आणि एक कोंबडा पुरे. नुसती अंडी हवी असतील तर कोंबडा लागतही नाही, त्याच्याशिवाय कोंबड्या अंडी घालतात. फक्त त्या अंड्यांतून पिल्लं निघत नाहीत. पण मी कोंबडा ठेवाच म्हणेन. घार दिसली की तो ज्या आवाजात ओरडतो, तो ऐकून सगळा कळप क्षणात करवंदीच्या जाळीत शिरतो. इतक्या लहान कळपात दोन कोंबडे मात्र नकोत. ते आपसात भांडतातच, शिवाय माद्यांच्या पाठीवरची पिसं पार जातात.

खुराडं

नऊ पक्ष्यांना रात्रीपुरती चार फूट बाय पाच फूट जागा पुरते. पावसाळ्यात दिवसदिवस आत राहावं लागतं, तेव्हाही एवढ्यात निभतं. उंची मात्र माणूस वाकून आत जाईल एवढी हवी, नाहीतर साफसफाई होत नाही आणि आजार तिथूनच सुरू होतात. जोतं चिऱ्याचं, जमिनीपासून फूटभर वर. आमच्याकडे पाऊस नैऋत्येकडून झोडपतो, म्हणून ती बाजू बंद भिंतीची आणि समोरची जाळीची. छपराच्या खाली वारा खेळायला फट ठेवा, तिलाही जाळी लावा.

जाळीवर पैसे वाचवू नका. बाजारात स्वस्तात मिळणारी षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवायला पुरते, मुंगसाला बाहेर ठेवायला पुरत नाही. अर्ध्या इंचाच्या चौकोनाची वेल्डेड जाळी घ्या. जोतं नसेल तर ती जमिनीत फूटभर गाडून बाहेरच्या बाजूला वळवा, म्हणजे उकरून आत शिरता येणार नाही. दाराला कडी अशी लावा की ती धक्क्याने उघडणार नाही.

आत जमिनीपासून दोन फुटांवर एक दांडी लागते, साधारण दीड-दोन इंच जाडीची, कडा गोल केलेली. एका कोंबडीला आठ इंच धरा. कोंबड्या रात्री दांडीवरच बसतात आणि कोण कुठे बसायचं हे त्यांचं ठरलेलं असतं. नवीन कोंबडी आणली की पहिले काही दिवस या जागांवरून टोचाटोची होते, ती मिटते. अंड्यांसाठी फूट बाय फुटाचे दोन खोके अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा, खाली सुकं गवत. हे खोके दांडीपेक्षा खाली हवेत. उंचावर असले तर कोंबड्या त्यांतच झोपतात आणि अंडी घाण होतात.

जमिनीवर भाताचं तूस दोन-तीन इंच पसरा आणि आठवड्यातून दोनदा खालीवर करा. तूस कोरडं आहे का हे उभ्याने कळत नाही. कोंबडीच्या उंचीला खाली बसा आणि नाकाने श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर ते तूस त्याच दिवशी बदला. काढलेलं तूस लगेच झाडांना घालू नये, मुळं जळतात. शेणखताच्या ढिगात दोन-तीन महिने कुजू द्या. नंतर पडवळ आणि दोडक्याच्या आळ्यात त्याचा जो फरक दिसतो, तो कोंबड्या पाळण्याचा एक मोठा आनंद आहे आणि त्याबद्दल फार कोणी बोलत नाही.

कोणती कोंबडी, कुठून आणायची

गावरान कोंबडी वर्षाला साधारण साठ ते ऐंशी अंडी देते, स्वतः खुडूक होऊन अंड्यांवर बसते, पिल्लं काढते आणि वाढवते. वनराज आणि ग्रामप्रिया या हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसासाठी तयार केलेल्या जाती. गिरिराज बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची. या कोंबड्या गावरानपेक्षा जास्त अंडी देतात आणि वजनालाही भरतात, पण रवणीला, म्हणजे अंडी उबवायला, सहसा बसत नाहीत. हे आधी माहीत नसलं की दुसऱ्या वर्षी हिरमोड होतो, कारण पिल्लं पुन्हा विकतच आणावी लागतात. कडकनाथ मूळची मध्य प्रदेशातल्या झाबुआची, तिला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिचं मांस काळं आणि भाव मोठा, पण अंडी कमी. पहिल्या वर्षी तिच्या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे. सहा सुधारित आणि दोन गावरान ही जोडी नवख्या घराला चांगली. अंडी सुधारितांकडून, उबवण्याचं काम गावरानकडून.

आणायचं कुठून? पशुसंवर्धन विभागाची अंडी उबवणी केंद्रं आहेत, पुण्यात खडकीला, कोल्हापूरला, नागपूरला. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी केली तर पिल्लं कधी मिळतील ते कळतं. गावरान कोंबडी मात्र ओळखीच्या घरातून घ्यावी. आठवडी बाजारातून घेऊ नका, अगदी कितीही छान दिसली तरी. तिथे चारी दिशांच्या कोंबड्या एका डालग्याखाली आलेल्या असतात आणि आजारही त्यांच्याबरोबर आलेला असतो. शिवाय तिथे गावरान म्हणून रंगीत पिसांची कोणतीही संकरित कोंबडी विकली जाते. कुठूनही आणलेला पक्षी निदान दोन आठवडे वेगळा ठेवल्याशिवाय कळपात सोडू नका.

एक दिवसाची पिल्लं स्वस्त पडतात, पण नवख्याने शक्य असेल तर सहा-आठ आठवड्यांची, लस झालेली पिल्लं घ्यावीत. पैसे जास्त जातात, त्याबदल्यात सगळ्यात नाजूक दिवस दुसऱ्याने काढलेले असतात.

एक दिवसाचीच आणली तर

पहिल्या आठवड्यात पिल्लांना 35 अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब लागते, नंतर दर आठवड्याला तीनेक अंश कमी. पत्र्याचं गोल कुंपण किंवा मोठा पुठ्ठ्याचा खोका घ्या, खाली तूस आणि त्यावर पहिले दोन-तीन दिवस कागद अंथरा, वर पिवळ्या उजेडाचा जुन्या पद्धतीचा बल्ब टांगा. एलईडी बल्ब ऊब देत नाही, हे लक्षात ठेवा. तापमापक नसला तरी चालेल, पिल्लं स्वतः सांगतात. बल्बखाली एकमेकांवर चढून चिवचिवत असतील तर गारठली आहेत, बल्ब खाली घ्या. कडेला जाऊन चोची उघडून बसली असतील तर उकडतंय, वर घ्या. सगळीकडे पसरून टिपत फिरत असतील तर बरोबर. वीज जाते त्या रात्रीसाठी गरम पाण्याच्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची तयारी असू द्या.

आल्याआल्या आधी पाणी, मग खाद्य. पाण्यात थोडा गूळ घाला आणि प्रत्येक पिल्लाची चोच एकदा हलकेच पाण्याला लावा. पाण्याचं भांडं उथळ हवं आणि त्यात गोटे टाकावेत, नाहीतर पिल्लं त्यातच भिजून गारठून मरतात. दोन दिवसांनी प्रत्येकाचं बूड बघा. विष्ठा चिकटून वाळली असेल तर कोमट पाण्याच्या कापडाने पुसून काढा. ही पाच मिनिटांची सवय कितीतरी पिल्लं वाचवते.

तुम्ही सगळं नीट केलंत तरी एखादं पिल्लू सकाळी गेलेलं दिसेल. पिल्लांमध्ये काही मुळातच अशक्त असतात. घरात लहान मुलं असतील तर त्यांना हे आधीच सांगून ठेवा.

लस, आणि ती का चुकवायची नाही

कोंबडीवाल्या घरातला सगळ्यात मोठा घाला म्हणजे मानमोडी. दवाखान्यात तिला राणीखेत म्हणतात, हे नाव उत्तराखंडातल्या गावावरून पडलं. हिरवट पातळ विष्ठा, उघड्या चोचीने श्वास, लुळे पाय आणि मागे किंवा बाजूला पिळलेली मान. औषध नाही. आमच्या वाडीत एका उन्हाळ्यात ती आली तेव्हा एका टोकाच्या घरातून सुरू झाली आणि आठवडाभरात दुसऱ्या टोकाला पोचली. ज्या घरांनी लस दिली होती तिथल्या कोंबड्या बहुतेक टिकल्या. इतर घरांत पहाटेची बांगच बंद झाली.

वेळापत्रक साधारण असं असतं. मॅरेक्स या रोगाची लस पहिल्याच दिवशी उबवणी केंद्रात देतात, दिली आहे ना हे विचारून घ्या. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा ही राणीखेतची लस, डोळ्यात एक थेंब. चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरो रोगाची लस. अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा लासोटा. सहा-सात आठवड्यांनी देवीची लस. आठ ते दहा आठवड्यांनी राणीखेतची आर-टू-बी, ही टोचायची असते, आणि तिच्या आठवडाभर आधी जंताचं औषध. तुमचे पशुवैद्य यात दिवस पुढेमागे करतील, त्यांचंच ऐका. लस फक्त धडधाकट पक्ष्याला द्यायची, आजारी कळपाला नाही.

अडचण अशी की लसीची कुपी शंभर-शंभर मात्रांची येते आणि तुमच्याकडे पक्षी नऊ. कुपी फोडून कालवल्यावर ती दोन-एक तासांत संपवावी लागते, उरलेली उद्या चालत नाही. म्हणून शेजारच्या घरांना आधी सांगा आणि अख्ख्या वाडीची लस एकाच संध्याकाळी उरका. कोंबड्या खुराड्यात शिरल्यावर पकडायला सोप्या जातात. कुपी दवाखान्यातून बर्फ घातलेल्या थर्मासमधूनच आणा, उन्हात खिशात घालून आणलेली लस म्हणजे नुसतं पाणी. यात तुमचा स्वार्थही आहे: शेजाऱ्याची कोंबडी आजारी पडली तर तुमची किती दिवस वाचणार?

खाद्य

पिल्लांना पहिले सहा-आठ आठवडे तयार पिल्लांचं खाद्यच द्या. कणी घालून पिल्लं जगतात, पण वाढत नाहीत. अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य पिल्लांना देऊ नका, त्यातला जास्तीचा चुना त्यांच्या मूत्रपिंडाला बाधतो. मोठ्या कोंबडीला दिवसाला शंभर ते सव्वाशे ग्रॅम खाणं लागतं. मोकळी फिरत असेल तर त्यातलं बरंचसं ती किडे, वाळवी, गवत आणि सांडलेलं धान्य टिपून मिळवते. उरलेलं आपण द्यायचं: कणी, भरडलेला मका, भाताचा कोंडा, थोडी शेंगदाण्याची पेंड, मासळी कापल्यावरची आतडी आणि डोकी शिजवून. खारवलेली सुकी मासळी मात्र देऊ नये, जास्त मीठ कोंबडीला विषासारखं असतं.

अंडी सुरू झाली की चुना लागतो. खाडीकाठच्या घरांना तो फुकट मिळतो. तिसऱ्या, म्हणजे खाडीतली शिंपल्यांची मासळी, खाऊन झाल्यावर शिंपल्या धुऊन, वाळवून, चुलीत भाजून कुटायच्या आणि वेगळ्या वाटीत ठेवायच्या. कोंबडी आपल्या गरजेइतकं टिपते. कवच पातळ यायला लागलं की ही वाटी रिकामी आहे का ते आधी बघा.

पावसाळ्यात बुरशी आलेलं खाद्य फेकून द्या, उन्हात वाळवून पुन्हा घालू नका. वाळवल्याने बुरशीचं विष जात नाही, आणि पावसाळ्यात कोंबड्या न कळत्या कारणाने मरतात त्यातल्या कित्येक अशा खाद्याने मरतात. खाद्याचा साठा चार दिवस पुरेल एवढाच, पत्र्याच्या डब्यात.

पहिलं अंडं

तलंग, म्हणजे अजून अंडी न घातलेली तरणी कोंबडी, पाच-सहा महिन्यांची झाली की तिचा तुरा आणि गालाखालची लोंबती कातडी लालबुंद होते, ती खोक्यांत डोकावायला लागते, गवत चोचीने उचलून पाठीवर टाकते. पाठीवर हात ठेवला की खाली दबून बसते. हे दिसलं की आठ-पंधरा दिवसांत अंडं. पहिली अंडी लहान असतात, एखाद्यात बलकच नसतो, एखाद्यात दोन असतात, एखादं नुसत्या कातडीचं. घाबरू नका, थोड्या दिवसांत ते सुरळीत होतं. अंडं घातल्यावर ती अख्ख्या परसाला ओरडून सांगते, आणि कोंबडाही तिच्या सुरात सूर मिसळतो.

एक अंडं तयार व्हायला चोवीस तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. त्यामुळे अंड्याची वेळ रोज पुढे सरकते आणि मग एक दिवस खाडा पडतो. हे माहीत नसलेली माणसं खाडा पडला की कोंबडी लपून अंडी घालते असं समजून परसभर शोधतात. कधीकधी ती खरंच लपून घालते, हेही खरं. म्हणून सुरुवातीला सकाळी दहा-अकरापर्यंत खुराड्यातच ठेवावं, खोक्याची सवय लागते.

पुढे दिवस लहान झाले की अंडी कमी होतात. वर्षातून एकदा कोंबडी पिसं टाकते, तेव्हा दोन-तीन महिने जवळजवळ बंद. ती तेव्हा केविलवाणी दिसते, मानेवर पिसं नाहीत, शेपूट गळालेलं. नवख्याला वाटतं आजार आहे. नाही. तिला या दिवसांत मासळी आणि पेंड थोडी जास्त घाला, पिसं बनायला प्रथिनं लागतात.

रवण

गावरान कोंबडी बारा-पंधरा अंडी घालून झाली की खुडूक होते. खोक्यातून उठत नाही, हात नेला की पिसं फुलवून गुरगुरते. तिला घरातल्या शांत, अंधाऱ्या कोपऱ्यात टोपलीत बसवा. खाली राख, वर गवत. राखेने उवा कमी होतात. अंडी आठवड्याच्या आतली, मध्यम आकाराची, न धुतलेली आणि फ्रिजमध्ये न ठेवलेली. दहा-बारा पुरेत, तिच्या पंखांखाली मावतील एवढीच. शेजारी पाणी आणि दाणे ठेवा, ती दिवसातून एकदाच उठते.

सातव्या रात्री प्रत्येक अंडं मोबाइलच्या टॉर्चवर धरा. जिवंत अंड्यात लाल शिरांचं जाळं आणि मध्ये काळा ठिपका दिसतो. काहीच न दिसणारी अंडी काढून टाका. मग एकविसाव्या दिवसाची वाट पाहायची.

विसाव्या दिवशी अंडं कानाशी धरलं तर आतून टकटक ऐकू येते. कवचावर एक बारीक चीर पडते, तिथला तुकडा उचलला जातो, आत चोच हलताना दिसते. मग कित्येक तास काहीच होत नाही, आणि इथेच माणसाचा धीर सुटतो. कवच सोलून मदत करू नका. पिल्लू तेव्हा बलकाचा उरलेला भाग पोटात ओढून घेत असतं, आतल्या रक्तवाहिन्या सुकत असतात. ओढून काढलेलं पिल्लू बहुधा जगत नाही. कोंबडी आतल्या पिल्लांशी हळू आवाजात बोलत असते आणि ती आतून उत्तर देतात. हे ऐकायला मिळावं म्हणून तरी एक गावरान कोंबडी पाळावी.

निघालेल्या पिल्लांना पहिला दिवस खाणं नसलं तरी चालतं, पोटातला बलक पुरतो. सगळी निघेपर्यंत आईला उठवू नका.

आता कठीण भाग. निघालेल्या पिल्लांत साधारण निम्मे नर असतात. चार-पाच महिन्यांनी ते बांगा देऊ लागतात, भांडतात, माद्यांना छळतात. सगळे ठेवता येत नाहीत. विकायचे, कुणाला द्यायचे की घरात कापायचे, हे रवण बसवण्याआधी घरात बोलून ठरवा. ज्यांच्या घरात कोंबडं कापलं जात नाही त्यांनी रवण बसवूच नये, नुसती अंडी घ्यावीत. तेही चांगलंच पाळणं आहे.

मुंगूस, बाऊल आणि घार

मुंगूस दिवसा येतं, एकाला मारून थांबत नाही. बाऊल, म्हणजे रानमांजर, रात्री. घार फक्त पिल्लं उचलते, म्हणून पिल्लं महिना-दीड महिन्याची होईपर्यंत आईसकट डालग्याखाली किंवा जाळीखाली ठेवा. साप बहुतेक अंड्यांसाठी आणि उंदरांसाठी येतात. सांडलेलं खाद्य संध्याकाळी झाडून घेतलं की उंदीर कमी, आणि साप कमी. मुंगूस, रानमांजर यांना मारणं कायद्याने गुन्हा आहे. ते करूही नये, त्यांचं रान आपल्या परसाला लागून आहे. सूर्य मावळताना कोंबड्या मोजा आणि दार लावा. रोज. लग्नाला गेलात तरी कुणाला तरी सांगून जा. एक संध्याकाळ दार उघडं राहिलं की वर्षाची मेहनत सकाळी पिसांच्या ढिगात दिसते, आणि ते बघणं फार जड जातं.

एकाएकी बऱ्याच कोंबड्या मेल्या तर त्या विकू नका, खाऊ नका, ओढ्यात टाकू नका. दवाखान्यात कळवा. देशातला पहिला बर्ड फ्लू 2006 साली आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला सापडला होता. वैद्यांनी सांगितल्यावर खोल खड्ड्यात चुना घालून पुरायच्या.

हिशोब

कागदावर आकडेमोड करणाऱ्यांसाठी थोडं सांगते. आठ गावरान माद्या वर्षाला सत्तर अंड्यांनी 560 अंडी देतील. कोंबड्यासकट नऊ पक्षी सगळं विकतचं खातील तर वर्षाला सव्वातीनशे किलोंच्या वर खाद्य लागेल. म्हणजे अंड्यामागे अर्ध्या किलोहून जास्त. मोकळं फिरायला आवार असेल आणि निम्मं खाणं त्या स्वतः मिळवत असतील तरच हे घरखर्चात बसतं. आवार नसेल तर बाजारातली अंडी स्वस्त पडतील, हे मान्य करून मगच पाळा. ताटात रोज काय येतं हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याचं समाधान वेगळं, त्यासाठी थोडं जास्त मोजायला माझी हरकत नाही.

वर्ष झालं की दोन कामं करा. अंडी कमी झालेल्या जुन्या कोंबड्यांच्या जागी नव्या तलंगा यायला हव्यात, म्हणून दरवर्षी एक रवण राखून ठेवा. आणि कोंबडा बदला. त्याच कोंबड्याच्या लेकींवर तोच राहिला तर पिल्लं अशक्त निघू लागतात, अंडी कमी फळतात. विकत आणायची गरज नाही, लांबच्या वाडीतल्या लस दिलेल्या घराशी अदलाबदल करा. नव्या कोंबड्यालाही दोन आठवडे वेगळा ठेवायचाच, आणि मग अंधार पडल्यावर दांडीवर नेऊन बसवायचा, म्हणजे सकाळी भांडण कमी होतं.